सुधीरच्या हातातलं मीटर

१ ऑगस्ट २०१६, सोमवार
गेल्या सप्टेंबरातली ती सकाळ आज सरकारी वकीलबाईंना पुन्हा सांगितली. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणारी कंपनीची बस, मी खिडकीशी, जप चालू. टाकीकडे जाणारा सुधीर दिसला, आमचा गॅस तपासणारा. पिवळा रेनकोट, हात रिकामे. गॅस तपासायचं मीटर नाही. तासाभरात भडका, वेल्डरचे दोन्ही हात भाजले. वेल्डिंगच्या परमिटवर सुधीरची सही, 'गॅस तपासला'. त्यावरूनच त्याच्यावर खटला.
तीन वर्षांपूर्वीही त्यानं न तपासता सही ठोकली होती. मीच पकडलं होतं.
बाई म्हणाल्या, ते कोर्टात काढायचं नाही, जजनी वगळलंय. संबंध आहे, पण ते ऐकलं की माणूस आधीच दोषी वाटायला लागतो.
पटलं नाही.

२ ऑगस्ट
मुलीला विचारलं, ऐकलेलं जज विसरणार कसं?
"विसरत नाहीत बाबा, बाजूला ठेवतात. ट्रेन्ड असतात लाह!"
मला इतक्या वर्षांच्या जपात एक विचार बाजूला ठेवता येत नाही. गुरुवारी साक्षीच्या ओघात बोलूनच टाकीन. नंतर वगळा म्हणावं.

३ ऑगस्ट
जेवताना हिच्यासमोर उजळणी केली. रेनकोटपाशी हिनं अडवलं.
"कसला रेनकोट? अहो, हेझ होतं तेव्हा, इंडोनेशियातल्या आगींचा धूर. मास्क लावून जात होतात. थेंब नव्हता पावसाचा."
"अगं, डोळ्यांसमोर आहे माझ्या."
"मग दुसऱ्याच दिवसाचं असेल."
रेनकोट तीन वर्षांपूर्वीचा. तेव्हा धो धो पाऊस होता. म्हणजे रिकामे हातही...
देवासमोर बसलो. ती सकाळ नीट आठवली. धुरकट रस्ता, पाठमोरा सुधीर. हात दिसतच नाहीत. जजनी बाहेर ठेवलेलं मी वर्षभर आत घेऊन बसलो होतो.
वकीलबाईंना फोन. "खात्री आहे?" म्हणाल्या. म्हटलं, आता आहे. केस ढिली पडेल म्हणाल्या. वेल्डरचा चेहरा आठवला. तरीही.

४ ऑगस्ट
साक्ष झाली.
वकीलबाईंनी विचारलं, "मीटर होतं हातात?"
"सांगता येत नाही. मला पाठ दिसली."
"जबानीत 'हात रिकामे' आहे."
"ती माझी चूक."
बराच वेळ उलटसुलट विचारलं. तेच उत्तर दिलं.
निकाल कधी, माहीत नाही. सुधीरनं गॅस तपासला नसेल, असं मला अजून वाटतं. ते वाटणं मी कोर्टात बोललो नाही. जुनं प्रकरणही नाही.