डायनामो आणि दोन शहाणे

२६ जुलै, शनिवार

आज परत ढकलला! डिंडोलीच्या भर गल्लीत, सगळ्या बायका भाजीच्या लारीपाशी उभ्या असताना, मी आणि अश्विनी मागून ट्रॅक्टर ढकलतोय आणि आमचे हे वर बसून — "हां, अजून थोडं!" सासऱ्यांचा हा म्हातारा ट्रॅक्टर गावाहून सुरतेत आणायची अवदसा ह्यांना कुठून आठवली कोण जाणे. म्हणे यंदा आपली कानबाई देवी आपल्याच ट्रॅक्टरवरून विसर्जनाला जाणार. जाईल की! ढकलत!

एकदा सुरू झाला की चालतो. पण बॅटरी चार्जच होत नाही. चार्जिंगचा काटा शून्यावर मुक्काम ठोकून बसलाय. अश्विनी वैतागली, "पप्पा, मूको ने हवे!" सोडा म्हणे आता. पोरगी सुरतेत जन्मली, तिला रागसुद्धा गुजरातीत येतो.

२८ जुलै, सोमवार

गॅरेजवाला बघून गेला. वर्षानुवर्षं उभा राहून डायनामोचं चुंबकत्व उतरलंय म्हणे. इंजिन बंद ठेवायचं, तारेच्या तुकड्यानं बॅटरीचा करंट डायनामोला क्षणभर दाखवायचा, की तो परत जागा होतो. पण इतकी जुनी गाडी, चुकीच्या जागी तार लागली तर जळेल, म्हणून त्यानं हात लावला नाही.

मग हे तार घेऊन बसले. बसले म्हणजे नुसते बसलेच! शेवटी आत आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "मला नाही जमत गं." उभा जन्म लूम दुरुस्त करण्यात गेला आणि एक तार टेकवता येत नाही. धन्य!

३० जुलै, बुधवार

ज्याला जमतं तो इथंच, सुरतेतल्या भेस्तानला बसलाय. वाल्मिकभाऊजी, ह्यांचे धाकटे भाऊ. ट्रक-टेम्पोची वायरिंग करतात. पण बोलावणार कोण? सासऱ्यांच्या दिवसकार्याला पंगतीत कोणाचं ताट आधी वाढलं, यावरून दोघांचं बोलणं बंद! पन्नाशी उलटलेले घोडे! तेव्हापासून भाऊजी कानबाईलाही येत नाहीत.

३१ जुलै, गुरुवार

कानबाईच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, रोटाचे गहू काढले. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ. ह्यांनी आपली टाकली, मग "वाल्मिकची" म्हणून आणखी एक टाकली. दरवर्षी टाकतात. रोट भाऊबंदांशिवाय कोणाला द्यायचा नाही, उरवायचाही नाही. म्हणजे भाऊजींच्या वाट्याचा मी बसून संपवायचा. मुठीला हात उचलतो, फोनला उचलत नाही! आधी हसू आलं, मग रडू. एवढी माया आहे तर जा की भेस्तानला. तिथं जायला काय विमान लागतं?

१ ऑगस्ट, शुक्रवार

मीच केला फोन! "भाऊजी, ट्रॅक्टर चार्ज होत नाही आणि ह्यांच्याच्यानं काही होत नाही." पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज. मग — "येस मी, वयनी." येतो म्हणाले!

ह्यांना सांगितलं तर माझ्यावरच ओरडले, "तुले कोनी सांगं व्हतं?" आणि लगेच दाढी करायला बसले. आज! दाढी परवाच तर केली होती.

३ ऑगस्ट, रविवार

भाऊजी सकाळीच आले. दोघं एकमेकांकडे न बघता डायनामोशी बोलत होते. "हाई तार कथी जास?" "तठे." दुपार झाली तरी सगळं खोलून पुसणंच चाललेलं! क्षणाचं काम म्हणे. मिस्त्री कसला हा! मी रोट भाजतेय, कानबाईपुढे दिवा लावतेय, आणि बाहेर हे दोघे एका नटावर वाद घालतायत. नंतर तर हसण्याचे आवाज.

पार अंधारून आल्यावर भाऊजींनी तार टेकवली. चट्ट! ठिणगी. इंजिन सुरू केलं आणि काटा हलला. एवढ्यासाठी सबंध दिवस! उशीर झाला म्हणून भाऊजी राहिले. कानबाईसमोर दोघांनी एका ताटात रोट खाल्ला. मी आत जाऊन डोळे पुसले. कामात मात्र दोघंही शून्य.

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाई गेली. ट्रॅक्टर एकदाही अडला नाही. भाऊजी चालवत होते, हे मडगार्डवर बसून रस्ता दाखवत होते. तापी काय ह्यांनाच माहीत आहे!

५ ऑगस्ट, मंगळवार

भाऊजींचा फोन आला. मी सुनावलंच — एवढ्याशा कामाला दिवस लावलात!

हसले. "वयनी, डायनामोले करंट दखाडाले माले कोनी शिकाडं? दादानीच. तवय मी शाळामा व्हतू. तुमना फोन उना तवयच समजनं, दादाले मी पाहिजे. मंग मी बी घाई नही करी."

म्हणजे ह्यांना सगळं येत होतं, आणि फोन मी करावा, एवढ्यासाठी ह्या माणसानं मला भर गल्लीत ट्रॅक्टर ढकलायला लावला!