काळ्या मातीवरचे घर

मी, मनकर्णा नत्थूजी गोंडाणे, वय सत्तरीच्या पुढे, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार नागपूर, माझ्यामागे काय व्हावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, कोणाला भिऊन तर नव्हेच. डॉक्टर म्हणतात काळीज मोठे झाले आहे. बुद्धी मात्र जागेवर आहे. दुपारी डोळा लागून उठले की आपण कोणत्या घरात आहोत ते मला क्षणभर उमगत नाही, एवढे खरे. पण ते वेड नव्हे. एकाच जमिनीवर मी तीन घरांत राहिले आहे, म्हणून तसे होते.

पहिले कलम, मिळकतीचे. शहराच्या दक्षिणेला शिक्षकांच्या गृहनिर्माण संस्थेच्या लेआउटमध्ये माझ्या नावे प्लॉट असून त्यावर पक्के घर आहे. संस्थेची सभासद मी होते आणि हप्ते माझ्या पगारातून गेले. सबब ही माझी स्वतःची मिळकत आहे, वडिलोपार्जित नाही. हे वाक्य वाचणाऱ्याने दोनदा वाचावे.

प्लॉट घेतला १९६४ साली. तेव्हा आम्ही इतवारीत भांडेबाजाराच्या मागे एका खोलीत राहत होतो. दिवसभर तांब्यापितळेची ठोकाठोक चाले, झोपेतही ती ऐकू येई. प्लॉटवर मात्र ज्वारीचे खुंट, वारा, आणि लांबवर एक बाभूळ. बांधायची ऐपत नव्हती. माझे यजमान नत्थूजी गिरणीत मागावर होते. एका रविवारी त्यांनी थैलीत चुना आणला आणि जमिनीवर घर आखले. ही खोली, हे स्वयंपाकघर, हा व्हरांडा. आम्ही दोघे आणि आमचा एकुलता एक रवींद्र त्या पांढऱ्या रेघांच्या आत बसून भाकरी खात होतो. नत्थूजी जिथे दार आखले तिथूनच आत येत. मी एकदा भिंतीतून चालत गेले तर म्हणाले, "अवं, डोकं फुटंन ना!" शेळ्या येऊन रेघा तुडवीत, वाऱ्याने चुना उडे. आम्ही पुन्हा आखायचो, आणि दर वेळी घर थोडे बदलायचे. स्वयंपाकघर मी सकाळच्या उन्हाकडे सरकवले. त्यांनी व्हरांडा वाढवत वाढवत खाट मावेल एवढा केला. असे सात वर्षे चालले. हे माझे पहिले घर. ते कोणाला देता येत नाही, पण नोंद असावी.

दुसरे कलम, माझे दीर धोंडबाजी यांच्याविषयी. त्यांना या मिळकतीतून काहीही देत नाही. कारण लिहिते. १९७१ साली बांधकाम सुरू केले तेव्हा त्यांनी आपल्या ओळखीचा ठेकेदार दिला. खाली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्याखालच्या मुरुमापर्यंत न्यावा लागतो. ठेकेदाराने तो वरच्यावर भरला. धोंडबाजी म्हणाले, "एवढ्या खोल काहून जाता? विहीर खोदून राहिले का?" वैशाखात भिंत अशी उकलली की फटीतून पलीकडची बाभूळ दिसे. धोंडबाजी म्हणाले सिमेंट थापा. नत्थूजी बराच वेळ त्या फटीतून बाहेर पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "पाडू." बांधलेले सगळे पाडले. मी रडले, ते रडले नाहीत. नवीन मिस्त्री महादेवराव यांनी पिवळा मुरूम लागेपर्यंत खोदवले. तो लागला त्या दिवशी नत्थूजींनी खाली उतरून हाताने चाचपला आणि मग मलाही खाली उतरवून हात लावायला लावला. थंड होता.

चुकीचा ठेकेदार दिला म्हणून माझा राग नाही. चूक कोणाचीही होते. राग पुढच्या गोष्टीचा आहे, ती चौथ्या कलमात येईल. तरी धोंडबाजी आल्यास त्यांना व्हरांड्यात खुर्ची द्यावी आणि चहा द्यावा. साखर जास्त घालावी, त्यांना तशी लागते.

तिसरे कलम. जोते झाले, भिंती उठल्या, आणि १९७३ मध्ये नत्थूजी छातीच्या आजाराने गेले. गिरणीतला कापूस त्यांच्या छातीत बसला होता. शेवटच्या महिन्यात त्यांना टांग्यातून तिथे नेले. भिंतींच्या मध्ये चादर टाकून पडले, वर पाहत म्हणाले, "मस्त झालं वं घर." छप्पर नव्हते. त्यांना ते दिसत होते की काय, मला विचारवले नाही. भिंती उठताना ते स्वतः हाती घेत तो ओळंबा आणि ती थापी महादेवराव मिस्त्री यांना द्यावी.

पुढे चार वर्षे आम्ही एका खोलीवर टिनाचे पत्रे टाकून राहिलो. बाकी घराला आभाळ. चांदणे स्वयंपाकघरात पडे, पोपट भिंतीवर बसत. हे माझे दुसरे घर. याच घरात रवींद्रचे लग्न होऊन जयवंता आली. ती रामटेककडची, धानाच्या गावातली, दवाखान्यात नर्स. आल्या दिवशी वर पाहून म्हणाली, "माय, लय उंच छत आहे तुमचं." तेव्हाच ती मला आवडली.

स्लॅब पडला १९७७ साली. महादेवरावांनी त्यावर पाणी धरायला मातीची आळी घालून दिली आणि तराईचे, म्हणजे स्लॅब ओला ठेवायचे, काम जयवंताने घेतले. ड्युटीवरून आली की साडी खोचून वर चढायची, बादलीने पाणी भरायची. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होते, सुकू दिले तर तडकते. त्या आळ्यांत ढग उतरत. मी शिडीवरून डोके काढून पाहायची, तर सून ढगांच्या मध्ये उभी. माझे तिसरे घर असे झाले.

चौथे कलम. १९८० मध्ये रवींद्र भंडारा रोडवर ट्रकखाली गेला. त्यावर मी काही लिहू शकत नाही. मूलबाळ नव्हते. तेराव्या दिवशी धोंडबाजींनी चारचौघांत सांगितले की जयवंताने माहेरी जावे आणि घर त्यांच्या मुलाच्या नावे व्हावे, नाहीतर वंशाबाहेर जाईल. जयवंता आत पाणी भरत होती. तिने ऐकले. माझा राग हा.

ती गेली नाही. तीन वर्षे मला सांभाळते आहे. तिच्या दवाखान्यातले कंपाउंडर अनंत वासनिक, विधुर, यांनी तिला लग्नाचे विचारले आणि ती नाही म्हणाली. मी तिला बसवून विचारले.

"काहून नाही म्हणून राहिली वं?"

"घर सोडा लागंन, माय. अन् तुले कोण पाहीन?"

"घर सोडाले कोणी सांगितलं? त्याले इकडं आण."

"मेलेल्या नवऱ्याच्या घरात? लोक काय म्हणतीन?"

"घर मेलेल्या नवऱ्याचं नाही. घर माहं आहे. अन् माह्यामागं तुहं."

ती उठून भाजी चिरायला लागली. चिरताना रडत होती. कांदा नव्हता, वांगे होते.

सबब मी सदर घर, प्लॉट, पोस्टात असेल ते आणि घरातील सर्व सामान माझी सून जयवंता हिला पूर्ण मालकीने देत आहे. तिने पुन्हा लग्न केले तरी, न केले तरी, मूल झाले तरी, न झाले तरी. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही, कारण जे विकता येत नाही ते आपले नसते. वंशाचा प्रश्न कोणी काढल्यास त्याला पहिले कलम वाचून दाखवावे.

पाचवे कलम, साक्षीदारांविषयी. शेजारच्या यमुताई देशकर आल्याच होत्या. दुसऱ्या साक्षीला येणारे गृहस्थ धोंडबाजींचा निरोप गेल्यावर आजारी पडले. मी आज सही न करता थांबायचे ठरवले होते. एवढ्यात धोंडबाजींची पत्नी, माझी धाकटी जाऊ तुळसाबाई, रिक्षाने आली. एकटी. तिला सगळे ठाऊक होते.

मी म्हटले, "तुले घरी बोलणी बसतीन."

ती म्हणाली, "बसू दे. बापाच्या घरी राहिली, नवऱ्याच्या घरी राहिली, आता पोराच्या घरी राहीन. बाईच्या नावाचं घर एक तरी पाहू दे मले. कुठं करू सही?"

मी जागा दाखवली. वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून, त्यांच्यासमक्ष मी सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष केली.

मुक्काम नागपूर, दिनांक ९ डिसेंबर १९८३

(सही) मनकर्णा नत्थूजी गोंडाणे

साक्षीदार :
१. (सही) यमुताई देशकर
२. (सही) तुळसाबाई धोंडबाजी गोंडाणे