गाडी झोपू नये म्हणून

७ डिसेंबर

आजही गाडी सुरू झाली नाही. बटण दाबलं की नुसतं टक्. थोड्या वेळाने तेही नाही. तिला किक नाहीच, बॅटरी उतरली की सगळंच बसलं.

सकाळी मुकेशचा फोन आला होता. संक्रांतीच्या आसपास येतो म्हणाला. (इथे नाव लिहिते. तोंडावर इतक्या वर्षांत 'अहो'च्या पुढे गेले नाही.) फौजेतला माणूस, वर्षातून दोनदा घरी येणार. मोटरसायकल त्याची, पण वर्षभर सपरीत, अंगणातल्या छपराखाली, उभी असते आणि तो आला की पहिलाच दिवस तिच्यापायी जातो. मागच्या खेपेला पूर्ण गल्लीतून ढकलत नेली. लोक ओट्यावर बसून बघत होते. घामाघूम होऊन परत आला आणि अंगणातच म्हणाला, "मी गेलो का माह्यं सारं झोपून जाते ह्या घरात."

मी वांगी निवडत राहिले. नंतर सुट्टीभर दोघंही त्या वाक्याला वळसा घालून चालत राहिलो. जाताना त्याने मामाजींना नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघताच ऑटोत बसला.

या खेपेला गाडी सुरू व्हायला पाहिजे. पहिल्याच बोटाला.

८ डिसेंबर

मामाजींना विचारलं. सासरे असले तरी माझ्याशी मोकळे बोलतात. ते म्हणाले, बॅटरीची काळी वायर काढून फडक्यात गुंडाळून ठेव, ट्रॅक्टरचं मी तसंच करायचो. मी म्हटलं, त्यानं उतरणं हळू होईल, थांबणार नाही. ते हसले. म्हणाले, "थांबवून काय करतं? माणूसबी उतरतेच."

पण मला थांबवायचं आहे.

११ डिसेंबर

शेजारच्यांच्या बॅटरीवरून वायर जोडून एकदा चालू करून घेतली. आता रोज सकाळी उभ्याउभ्याच थोडा वेळ चालवते. सीटवर बसते, डोळे मिटते. खाली गाडी थरथरते, धुकं आत येतं, मेथीचा ओला वास येतो. वाटतं, निघालेच आहोत. पवनारच्या पुढे, नदी ओलांडून, जिथे मी कधी गेले नाही तिथे. डोळे उघडले की समोर कडब्याची गंजी.

१४ डिसेंबर

सकाळी पुन्हा टक्. रोज चालवूनही!

१५ डिसेंबर

मेथीच्या जुड्या बाजारात देऊन तशीच नालवाडीला गेले. तिथे रूपरावांचं बॅटरीचं दुकान आहे. बॅटरी काढून पिशवीत घातली होती, केळीच्या घडासारखी जड. त्यांनी ती तपासली, अजून जीव आहे म्हणाले, इथंच भरून देतो. उभ्याउभ्या थोडा वेळ चालवून ती भरत नाही, सुरू करतानाच जास्त खर्च होते — हे कळलं तेव्हा माझ्या धुक्यातल्या सगळ्या सफरी आठवल्या. जाऊ दे. त्या काही वाया गेल्या नाहीत.

मग घरी लावून ठेवायला चार्जर. आधी त्यांच्या शेजारच्या गॅरेजवाल्याचा एक मोठा होता, चाकं असलेला, तो स्वस्तात मिळत होता. रूपरावच नको म्हणाले. तो ट्रॅक्टरसाठी, एवढ्याशा बॅटरीला उकळून टाकील. मग त्यांनी दोन लहान डबे काचेवर ठेवले, साबणाच्या वडीपेक्षा थोडे मोठे. दोन्ही हळू भरतात. भरली की आपणच थांबतात आणि पुढे फक्त जेवढी उतरेल तेवढी भरून काढतात. महिनोन्‌महिने लावून ठेवले तरी चालतात.

"मंग फरक कायचा?" मी विचारलं.

एकाला दिवे जास्त, दिसायला छान. दुसरा साधा. त्यांच्या मते कोणताही न्या.

मला आमचं गाव आंजी आठवलं. मी म्हटलं, आमच्याकडे लाइन जाते अन् येते, दिवसातून कितीदा. परत आली की हा आपला आपण सुरू होईल का? रूपरावांनी दोन्ही डबे उलटून पाहिले. म्हणाले, असं कोणी विचारलं नाही, पाहूनच घेऊ. दोन्ही बॅटरीला लावले, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि परत सुरू केलं.

साधा लगेच कामाला लागला. दिवेवाला लुकलुकत नुसता उभा — त्याचं बटण कोणीतरी दाबेल म्हणून वाट बघत.

मी साधा घेतला.

१७ डिसेंबर

बॅटरी भरून आली. गाडीत बसवली, मग लाल चिमटा अधिकला, काळा उण्याला, शेवटी प्लग. मामाजी बाज ओढून बाजूला बसले, जसं कोणाला सलाईन लावलं आहे. बऱ्याच वेळाने दिवा हिरवा झाला. ते म्हणाले, "झोपली का जागी आहे?"

जागी आहे म्हटलं.

१८ डिसेंबर

दिवसभर धुकं. हिरवा दिवा.

२३ डिसेंबर

दुपारी सपरीत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडता निवडता डोळा लागला. स्वप्नात गाडी वाफ्यांतून चालली होती आणि एकही पान मोडत नव्हतं. वांग्यांची जांभळी फुलं पायाला लागत होती. पुढे मुकेश. मी कितीदा म्हटलं, जरा मागे बघा. त्याला ऐकू जात नव्हतं.

जागी झाले तेव्हा लाइन गेलेली होती. मग आली. दिवा लागला. मी उठलेसुद्धा नाही.

३० डिसेंबर

मुकेशचा फोन. थंडी, जेवण, मामाजींचा गुडघा.  मला चार्जरबद्दल सांगायचं होतं, सांगितलं नाही. फोन ठेवताना तो म्हणाला, "तुले काई आणू का?" असं कधी विचारत नाही. मी नको म्हटलं आणि मग दिवसभर काय काय आणता आलं असतं ते मनात आणत बसले. रंगीत लोकर. बर्फ. तो असतो तिथली एक सकाळ.

६ जानेवारी

वांग्यांना पाणी दिलं. हात थंडगार. पाटातून आभाळ वाहत होतं.

१२ जानेवारी

आला. दुपारचं ऊन होतं. ट्रंक अंगणात ठेवली, मामाजींच्या पाया पडला, पाणी प्यायला आणि सरळ सपरीत गेला. मी चुलीजवळून बघत होते. हातात पीठ.

त्याने गाडीवर झाकलेली माझी जुनी साडी ओढून काढली. चाबी फिरवली. बटण दाबलं.

गाडी एका हाकेला उठली.

त्याने बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. मग वायरीच्या मागोमाग हात नेत नेत त्या लहान डब्यापर्यंत गेला, खाली बसला, बघत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो विचारतो काय, "कोनं चालवली?"

"कोनीच नाई. जागी ठेवली."

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "त्या दिवशी म्या चुकीचं बोललो, जया."

मी म्हटलं, पोळी करपते. आत गेले आणि तव्यासमोर उभी राहून रडले. पोळी खरंच करपली.

१३ जानेवारी

आज निघालो. पवनारपर्यंत, मग पुढेही. चण्याच्या शेतांवर धूर तरंगत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो शेवटपर्यंत काढला नाही. परतताना त्याने कालव्याच्या पुलावर गाडी थांबवली, पण बंद केली नाही. पाण्याकडे बघत म्हणाला, "मी सुट्टीवर नाई आलो. नोकरी सोडून आलो. आता जात नाई."

मी विचारलं, आधी काऊन नाई सांगितलं?

"मंजुरी येईपर्यंत पक्कं नव्हतं. तुले अजून वाट पाहाले लावायची नव्हती."

१४ जानेवारी

सगळे मला तीळगूळ देताना आनंदाचं बोलतात, मीही हसते. पण मला फक्त सुट्टीवरचा नवरा माहीत आहे. आज सकाळी माझ्या चुलीसमोर बसून तो म्हणाला, भाजीच्या शेतात उद्यापासून मीबी येतो — आणि मी नुसतीच चुलीत लाकूड सारत राहिले.