उणे अठरातला सडा

विनिपेग, २१ नोव्हेंबर २०२२

चि. नंदूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. पुढचं मात्र शेजारच्या ओल्गाबाईंच्या पत्त्यावर टाक. कारण सांगते, पण हसलास तर मिल्टनला येऊन कान उपटीन.

गुंजनचं हे भाड्याचं घर शंभरी गाठलेलं. जिना कुरकुरतो, बेसमेंटला वास येतो; पण दोन पावलांवर बेकरी, लायब्ररी, बस. पोरीचा जीव जडलाय घरावर. मालकीणबाई म्हणजे याच ओल्गाबाई, युक्रेनच्या, ऐंशीच्या पुढच्या. घर गुंजनला विकायचं की पाडून काँडोचे फ्लॅट बांधणाऱ्याला, हे नाताळापर्यंत ठरवणार आहेत.

आणि अशात मी काय करावं? गेल्या सोमवारी सकाळी सवयीनं दारात सडा टाकला. उणे अठरा! पाच मिनिटांत पायऱ्यांची काच झाली. आधी पोस्टमन आपटला, मग त्याला उठवायला आलेल्या ओल्गाबाई त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. लागलं कुणालाच नाही, देवाची कृपा. पण पायऱ्या नीट होईपर्यंत आपण येणार नाही, असं पोस्टमननं बजावलंय. ओल्गाबाईंनी बोलणं टाकलंय, पण पत्र देतील. पत्राशी त्यांचं भांडण नाही.

गुंजननं रागवायचं सोडून मलाच चहा करून दिला. तेच फार लागलं रे. तांब्याभर पाण्यापायी पोरीचं घर जाणार.

माया पातळ करू नकोस.
तुझी,
मंदाताई

मिल्टन, २९ नोव्हेंबर २०२२

ती. मंदाताईस,
सा. न. वि. वि.

हसलो. कान टपालानं पाठवू का?

बर्फ आधी खरवडून काढा आणि वर वाळू टाका. एवढ्या थंडीत मिठाचा उपयोग नाही. आणि माफी माग. तू मागणार नाहीस म्हणा! लहानपणी माझा पतंग फाडलास, त्याची अजून यायची आहे.

तुझी भावजय नीलिमा म्हणते, घर गेलंच तर दोघी इकडे या. इथे सगळी घरं एका साच्यातली. परवा मी शेजाऱ्याच्याच दाराला किल्ली लावत होतो.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझा,
नंदू

विनिपेग, १६ डिसेंबर २०२२

चि. नंदूस,
अ. उ. आ.

वाळू आणली. पण मुठीनं फेकायला हात होईना, आपोआप चिमटीतून सुटायला लागली. मग काय, प्रत्येक पायरीवर एक कमळ! पोस्टमन बिचारा नक्षी चुकवून कडेकडेनं यायला लागला. मी ओरडले, अरे बाबा, पाय त्याच्यावरच दे, त्यासाठीच काढलीय.

ओल्गाबाई तीन दिवस खिडकीतून बघत होत्या. चौथ्या दिवशी वाळूची पिशवी घेऊन आल्या, माझ्या पायाशी ठेवली आणि स्वतःच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. तेव्हा मी माफी मागितली. हो, मी! गुंजनकडून इंग्रजी वाक्य घोकून घेतलं होतं. तुझ्या पतंगाचीही त्यातच धरून चाल.

काल त्यांनी गुंजनला बोलावलं. घर तिलाच देणार! अट एकच, बर्फ वितळेपर्यंत दोन्ही दारच्या पायऱ्या आईनं करायच्या. आईचं परतीचं तिकीट जानेवारीचं आहे, असं गुंजन म्हणाली, तर त्या म्हणाल्या, मग बदला.

नंदू, हे गेल्यापासून मला 'ये' म्हणणारे पुष्कळ भेटले; 'थांब' म्हणणारी ही पहिलीच. डोळ्यांत पाणी आलं, तर गुंजन म्हणते, आई, आत ये आधी, दारात नको!

तिकीट तूच काढलंस, तूच एप्रिलपर्यंत पुढे ढकल. लोभ असू दे, आणि पत्र आता आमच्याच पत्त्यावर टाक.
तुझी,
मंदाताई