हिच्या नावाची गांधीलमाशी

५ मार्च, सकाळ
स्वयंपाकघरातील कचऱ्याच्या डब्यात माश्यांचे तपकिरी कोष आढळले. एकातून माशीऐवजी मुंगीहून लहान, काळीभोर गांधीलमाशी बाहेर पडली. अशी जात माझ्या पुस्तकात नाही. पुस्तक बागकामाचे आहे, तरीही निष्कर्ष स्पष्ट: जात नवी. तिला हिचे नाव देणार. ही गेल्यापासून ते नाव कोणी घेत नाही. आता शास्त्रज्ञ घेतील.

७ मार्च
इंटरनेटवरून जीवनक्रम समजला. गांधीलमाशी माशीच्या कोषात अंडे घालते. तिची अळी आतील माशी फस्त करते आणि मोठी झाल्यावर कोषाला भोक पाडून बाहेर येते. अर्थात माशी ही यजमान. यजमानांची गैरसोय होता कामा नये, सबब डबा रिकामा करणे तूर्त तहकूब. निर्णय शास्त्रीय आहे. आळसाचा संबंध नाही.

१० मार्च
मुलीचा फोन. घर आवरलेत का, असे विचारले. संशोधन सुरू असल्याचे सांगितले. म्हणाली, बाबा, आई असती तर तिने डब्यासकट तुम्हालाही बाहेर ठेवले असते. दोघेही हसलो. मग फोन ठेवला.

१४ मार्च
हिच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत कोष ठेवले होते. सगळ्यांतून साध्या माश्या निघाल्या. धडधाकट कोष निवडले, एवढेच चुकले. पद्धत निर्दोष आहे.

दुपारी शेजारीणबाई नाकाला रुमाल लावून आल्या. अहो, माश्या पाळल्यात की काय, असे म्हणाल्या. होय म्हटले. त्यांना तो विनोद वाटला.

१९ मार्च, सायंकाळ
यश! बाटलीत एक गांधीलमाशी. तिला नावाने हाक मारली. घरात ते नाव पुष्कळ दिवसांनी ऐकू आले. पुन्हा एकदा मारली. उच्चार तपासण्यासाठी.

२३ मार्च
संग्रहालयातील कीटकतज्ज्ञांना नमुना दाखविला. भिंगातून पाहून म्हणाले, ही तर सगळीकडे सापडते. कोंबड्यांच्या फार्मवर माश्या आटोक्यात ठेवायला पाकिटे भरून सोडतात. नाव फार पूर्वीच दिलेले आहे.

नंतर त्यांनी विचारले, घरात इतक्या माश्या कशा? घरी आणखी कोण असते?

प्रश्न विषयाबाहेरचा असल्याने मी बाटलीचे झाकण पुन्हा घट्ट केले. ते मात्र भिंग खाली ठेवून उत्तरासाठी थांबून राहिले.