मामंजींच्या गाडीची बॅटरी

१२ नोव्हेंबर २००३

गाडी चालू झाली नाही. सुटले बाई! वैष्णवी एसटीनं शाळेत गेली.

परवा शिक्रापूरच्या रस्त्यावर मामंजींना उसाची ट्रॉली दिसलीच नाही. शाळेत सोडायला नेलेली माझी वैष्णवी शेजारच्या सीटवर. ती किंचाळली तेव्हा कुठं ब्रेक लागला! मोतीबिंदू झालाय, पण बोलायची सोय नाही — ‘मला काय धाड भरलीय?’ यांना सांगितलं तर हे ‘तूच बघ’ म्हणत रांजणगावला शिफ्टला पळाले. बघितलं मग मीच. बॉनेट उघडून बॅटरीचा नट ढिला केला. थोडासाच.

१३ नोव्हेंबर

पप्पू मेकॅनिक येऊन गेला. ‘बॅटरी गेली, मामा. नवी टाका.’ मामंजी भडकले — ‘हॉर्न वाजतोय, आन् बॅटरी मेली व्हय रं?’



१४ नोव्हेंबर

मामंजींनी मलाच गाडीत बसवलं. दिवे लावून चावी फिरवायची. नुसतं टक् — आणि दिवे गुल. ‘करंट हाय. वाटंत अडतोय,’ म्हणाले. मग बॅटरीच्या दोन्ही टोकांना हात लावून बघितला. एक टोक गरम लागलं. ‘घावलं!’

मामंजी पाना घेऊन वाकले खरे, पण नट काही सापडेना. चाचपडतायत आपले. मग हळूच — ‘सूनबाई, ही बाजू अधिकची का वजाची गं?’ त्यावर लालभडक टोपण, तेही दिसेना! मी ‘अधिकची’ म्हटलं. शेवटी पाना माझ्याच हातात दिला. नट आवळला, गाडी एका झटक्यात चालू. शाबासकीसुद्धा मिळाली! मी आत जाऊन रडले. एवढा हुशार माणूस, आणि किती हट्टी!

१५ नोव्हेंबर

पहाटे परत ढिला केला. मामंजींनी चावी फिरवली, टक् ऐकलं, उतरले. ना ओरडले, ना बॉनेट उघडलं. संध्याकाळी शिफ्टवरून येऊन यांनी नट आवळून ठेवला. आज बरी सवड झाली! माझे कष्ट वाया.

१६ नोव्हेंबर

रविवार. शाळा नाही. गाडी जागेवर, जीव थाऱ्यावर.

१७ नोव्हेंबर

पदराखाली पाना घेऊन गेले, तर बॅटरीच्या दोन्ही तारा आधीच सोडलेल्या. मागून मामंजी — ‘तुजं काम म्या केलंय. पाना ठिव, आन् दौंडच्या डोळ्याच्या डॉक्टरकडं नंबर लाव. एस्टीनं जाऊ.’