शेवटच्या चार फळ्या

चाचा, काल मुलीच्या गच्चीवर लाकडी डेक करायचा म्हणून तिच्याबरोबर हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने काउंटरवर तीन-चार प्रकारचे स्क्रू ओतले आणि म्हणाला, "कुठलेही घ्या काका, सगळे सारखेच." मी त्याच्यावर असा खेकसलो की मुलीने मला हाताला धरून बाहेर आणलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. राग त्या दुकानदारावर नव्हता, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

तेलाच्या पैशाने रातोरात शहरं उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. सौदीत यांबूला समुद्राकाठी कंपनीचं गेस्ट हाउस, त्याच्यापुढे आपण सागवानी डेक बांधतोय. तुम्ही फोरमन, मी तुमच्या हाताखालचा सुतार, दोघेही रत्नागिरीकडचे. मला वाटायचं, स्क्रूत काय बघायचंय! पहिल्या दिवशी मी चकचकीत म्हणून पितळी उचलला. "तो मऊ. सागात शिरताना मान टाकील," तुम्ही म्हणालात. मग जस्त चढवलेला उचलला. "डिसमिस घसरला की जस्त खरवडलं, आत लोखंडच. दर्याजवळ लोखंड म्हणजे साखर रे बाबा, विरघळतं. आणि सागावर काळे ओघळ येतील ते वेगळेच." स्टेनलेसच वापरायचे, आणि तेही तुमच्या लोहचुंबकावरून मूठमूठ फिरवून. चिकटला तो आतून लोखंडी, बाद. महिन्याभराने ते चुंबक तुम्ही माझ्या हातावर ठेवलंत. "आता तूच बघत जा. मी परत बघणार नाही." मी एवढा फुगलो की घरी पत्रात ते लिहून कळवलं.

शेवटच्या चार फळ्या राहिल्या आणि स्टेनलेस संपले. नवा माल जेद्दाच्या बंदरात अडकलेला. शनिवारी मोठे साहेब पाहणीला येणार, रविवारी माझं सुट्टीचं विमान. मुलगी दोन वर्षांची झालेली, मी तिला फक्त फोटोत पाहिलेलं. तुम्ही म्हणालात, "राहू देत चार फळ्या. साहेबांशी मी बोलतो." पण इंजिनियरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काम पूरा नहीं, तो छुट्टी खलास." पासपोर्ट त्याच्याच कपाटात. शुक्रवारी पहाटे तुम्ही नमाजाला मदिनेला गेलात, आणि मी शेजारच्या शटरिंगवाल्यांकडून जस्ताचे साठ स्क्रू मागून आणले. दुपारच्या उन्हात एकट्याने आवळत बसलो. प्रत्येक स्क्रू आत जाताना वाटत होतं, तुमची गाडी आली.

शनिवारी सकाळी तुम्ही त्या फळ्यांवर उभे आहात.

"स्क्रू कुठून आले?"

"जुन्या डब्यात सापडले."

"चुंबक लावलंस?"

"लावलं."

ते माझ्याच खिशात आहे. तुम्ही हात पुढे केलात तर संपलंच. तुम्ही खाली वाकता, एका स्क्रूच्या माथ्यावरून अंगठा फिरवता आणि माझ्याकडे बघता. मग "बरं" एवढंच म्हणून काम तपासल्याच्या रजिस्टरवर सही करायला जाता.

दोन महिन्यांनी परत आलो तर त्या चार फळ्या नव्या होत्या आणि तुमची खाट रिकामी. बाजूच्या खाटेवरच्या वेल्डरने सांगितलं. दर्याकडच्या बाजूने काळे ओघळ उतरले. साहेबांनी विचारलं, हे कोणी लावले? तुम्ही म्हणालात, "सही माझी आहे." कफीलने, आपल्या अरबी मालकाने, पासपोर्टवर फायनल एक्झिट मारून तुम्हाला कायमचं घरी पाठवलं. पुढच्या वर्षी चाचींना बोलावून हज करायचं तुमचं ठरलं होतं. सगळ्या कॅम्पला ते माहीत होतं, मलाही.

मी एकदा तुमच्या गावी आलो होतो. सांगायचंच म्हणून आलो होतो. चाचींनी मासे तळून वाढले, तुम्ही मुलीची चौकशी केलीत, ती तुला ओळखते ना नीट, म्हणून विचारलंत. मी पोटभर जेवलो आणि उठलो. तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का चाचा? सही करतानाच ठाऊक होतं का? कितीदा विचार केला, काही उलगडत नाही.

तुमच्या मुलाला पाठवावं म्हणून हे लिहायला घेतलं. पाकिटावर पत्ताही घातला. पण ते पोस्टात पडणार नाही, मी स्वतःला ओळखून आहे. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी खूप रडलो, हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या आधी क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं, ते कोणी पाहिलं नाही.